पौड ते पळसगाव

पौडच्या एसटी थांब्यापाशी सुभेदार माझ्या आधीच येऊन उभे होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी, तिचं तोंड रबरबँडनं आवळलेलं. गाडीत बसल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली. मागं ठेवा म्हटलं तर ऐकेनात.

"वयनीचे कागद हायेत. येताना तिच्याकडं थांबायचंय. हयातीचा दाखला ऱ्हायलाय तिचा."

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन सुभेदारांना वीसेक वर्षं झाली. त्यांचं नाव इथं देत नाही, आणि गावातही ते कुणी घेत नाही. पोस्टमनपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचे ते सुभेदार. मी या तालुक्यात काही वर्षं मास्तरकी केली, तेव्हापासूनची ओळख. ते मला अजून मास्तर म्हणतात, आणि मी पलटणीबद्दल काही बोललो की त्यातल्या चुका काढतात. दहा जुलैला ताम्हिणी उतरून माणगावला जायचं, दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापाशी, आणि तिथून जमलं तर त्यांच्या पळसगावात, हे आमचं दोन वर्षं चाललं होतं. दर वेळी घाटात दरड, नाहीतर सुभेदारांची लावणी. यंदा लावणी आठ दिवस आधी उरकली.

पुण्याहून येताना चांदणी चौक ओलांडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट लागतात. आता त्यांच्यातली शीव सांगता येत नाही, एकच लांबलचक बाजार झालाय. बंगल्यांच्या योजनांचे फलक, मंगल कार्यालयं, कारखान्यांच्या बसगाड्या, टायरची दुकानं. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २०१८ मध्ये आला तेव्हा इथल्या पोरांनी तो चार चार वेळा पाहिला. पोरांच्या लक्षात मारामाऱ्या राहिल्या. जमीन विकून बसलेला बाप कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. पण पहाटे पाचला या रस्त्यानं आलात तर वेगळी पोरं दिसतात. बनियन, हाफ पँट, घामानं चमकणारे दंड, रस्त्याच्या कडेनं रांगेत पळणारी. भरतीची पोरं. २०२२ पासून ती अग्निवीर म्हणून जातात, चार वर्षांसाठी.

"चार वर्षांत पायात बूट बसतो," सुभेदार म्हणाले. "तवर घरी यायचं."

पौडच्या पुढं रस्त्याची गर्दी ओसरते आणि खाचरं सुरू होतात. मुळशीचा आंबेमोहोर नावाजलेला, पण खाचरं बघितली की कळतं, एका घराच्या वाट्याला किती येत असेल. डोंगराच्या पोटाशी ताटाएवढे तुकडे, वर नाचणी-वरईची वरकस जमीन. चार भाऊ असले तर एक घरी, एक मुंबईला गिरणीत, एक पलटणीत, आणि चौथा नशीब काढील तिकडं. मावळातल्या आणि खाली कोकणातल्या घरांचा हा हिशेब शंभर वर्षं बदलला नाही. शौर्याच्या गोष्टी पुढं रचल्या गेल्या. आधी खाचराचं माप होतं.

माले मागं पडलं आणि उजवीकडं झाडांतून पाणी दिसू लागलं. मुळशीचा तलाव. पावसाळ्यात याचं रूप असं की आठवड्याच्या शेवटी निम्मं पुणं इथं लोटतं, मका खातं, फोटो काढतं. पाण्याकडं पाहून ते पाणीच वाटतं. त्याखाली पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी आहेत हे वरून दिसण्याचं कारण नाही. टाटा कंपनीच्या या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे बांधकामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे होते, आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापटांना 'सेनापती' म्हणू लागले ते इथूनच. नि:शस्त्र शेतकऱ्यांच्या लढ्यातून हे लष्करी बिरुद आलं, याची मला नेहमी गंमत वाटते. सत्याग्रह तीन वर्षं चालला, मोडला, धरण झालं.

आणि पाण्याची दिशा बदलली. मुळा नदीचं हे पाणी एरवी पुण्यावरून भीमेला मिळून पंढरपुराखालून पूर्वेच्या समुद्राला जायचं. ते उलटं फिरवून सह्याद्रीच्या पोटातून कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. तिथं जी वीज झाली ती मुंबईला गेली. पंढरीच्या वाटेवरचं पाणी मुंबईच्या गिरण्यांसाठी कड्यावरून खाली गेलं, असं आमच्या शाळेतले एक जुने गुरुजी म्हणायचे. मी मुलांना हे सांगायचो तेव्हा एका मुलानं विचारलं होतं, "मग माणसं कुठं गेली?" माणसंही बऱ्याच अंशी त्याच वाटेनं गेली.

सत्याग्रहाला बरोबर सात महिने झाले होते तेव्हा, १६ नोव्हेंबर १९२१ रोजी, याच घाटाच्या पायथ्याच्या माणगाव तालुक्यात यशवंत घाडगे यांचा जन्म झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण वरचा तालुका आणि खालचा तालुका, दोन्हीकडची खाचरं सारखी, दोन्हीकडचा पाऊस सारखा, आणि घरातून बाहेर पडायचे दरवाजेही तेच दोन: गिरणी आणि पलटण.

पलटणीच्या दरवाज्याची गोष्ट जुनी आहे. आमच्या भागात म्हातारी माणसं पहिल्या महायुद्धाला महायुद्ध म्हणत नसत. "बसऱ्याला गेला" म्हणत. बसरा म्हणजे नेमकं कुठं ते कुणाला सांगता यायचं नाही, मुंबईहून बोटीत बसलं की येतं एवढंच. तेव्हाची ११० वी मराठा पलटण मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकली. १४७ दिवस. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सगळं सैन्य तुर्कांच्या कैदेत गेलं. १९२२ मध्ये पलटणींची फेरमांडणी झाली तेव्हा ११० वी हीच पाचव्या मराठ्यांची तिसरी बटालियन झाली. यशवंत घाडगे यांची बटालियन ही.

युद्ध संपल्यावर सरकारनं गावोगाव संगमरवरी पाट्या पाठवल्या. महाराष्ट्रात पुष्कळ गावांत त्या अजून आहेत, चावडीच्या भिंतीत, देवळाच्या ओवरीत, कुठं शाळेच्या पायरीशी. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नाव एकही नाही. बसऱ्याला १९२९ साली मोठं स्मारक उभं राहिलं, त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची फक्त संख्या, पलटणीच्या नावाखाली. हुद्देदार असेल तर नाव, साधा शिपाई असेल तर आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं २०२१ मध्ये चौकशी अहवाल काढून हे मान्य केलं आणि माफी मागितली. निदान १,१६,००० माणसांची, कदाचित त्याच्या तिपटीनं, नावानिशी नोंदच झाली नाही, असं त्यांचाच अहवाल म्हणतो. यांत हिंदी होते, आफ्रिकी होते, इजिप्तचे होते.

मी हे सांगत होतो तेव्हा सुभेदार खिडकीतून बाहेर बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "खडकीला गेलायत का तुम्ही?"

गेलो होतो. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरींची कायमची देखभाल होणार नाही म्हणून त्या इथं आणून नीट लावल्या. गवत कापलेलं, दगड धुतलेले, प्रत्येकावर नाव, वय, पलटणीचं चिन्ह, आणि खाली घरच्यांनी सुचवलेली एखादी ओळ. यॉर्कशायरच्या कुठल्याशा आईची दोन वाक्यं पुण्यात दगडावर आहेत. सुभेदार नोकरीत असताना तिथं एकदा मानवंदनेला उभे राहिले होते.

"कवायत चालू होती म्हणून नाक पुसता आलं नाय," एवढंच बोलले.

निव्याच्या पुढं ढग रस्त्यावर उतरले. ताम्हिणीचा पाऊस वेगळाच. वरून पडतो, समोरून येतो, खालच्या दरीतूनही उलटा वर येतो. महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त पाऊस अलीकडं कितीतरी वर्षी इथंच मोजला गेलाय. प्रत्येक धबधब्यापाशी गाड्यांची रांग, मोठ्यानं लावलेली गाणी, रस्त्याच्या मधोमध नाचणारी माणसं. सुभेदारांनी काच खाली करून एकाला अशी काही आज्ञा दिली की तो बिचारा सावधान उभा राहून बाजूला झाला. मला हसू आवरेना.

डोंगरवाडीच्या पुढच्या वळणांवर गर्दी सरली. वायपर चालूनही समोरचं दिसत नव्हतं, म्हणून गाडी कडेला घेतली. थर्मासातला चहा काढला. मी मोबाइलवर उतरवून घेतलेलं घाडग्यांच्या पदकाचं मानपत्र वाचून दाखवलं. नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमधलं, मराठीत सांगत सांगत.

१० जुलै १९४४. मध्य इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातले डोंगर. जर्मन सैन्य मागं हटत होतं, पण प्रत्येक टेकडीवर थांबून. पाचव्या मराठ्यांच्या एका कंपनीनं मजबूत ठाण्यावर चढाई केली. नाईक यशवंत घाडगे एका सेक्शनचा प्रमुख होता. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधले सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी. उभा राहिला तो एकटा. बरोबर यायला कुणी उरलेलं नाही हे त्याला माहीत होतं. तरी तो थेट मशीनगनवर धावला. आधी ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पाडले. मग टॉमीगननं आणखी एकाला मारलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. तेवढ्यात शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्यानं घेतलेल्या त्या ठाण्यातच तो गेला.

"नळीकडून?" सुभेदारांनी विचारलं. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"मास्तर, नळी तापलेली असती. मॅगझिन रिकामं झालंय म्हंजे सगळी गोळी तिच्यातनंच गेलेली. उघड्या हातानं धरता येत न्हाई." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. तो खाली ठेवला. "हात भाजला आसंल त्यांचा. त्ये नाय लिवलेलं."

ते लिहिलेलं नव्हतं. मानपत्र म्हणजे हिशेबी कागद असतो. किती मारले, कशानं मारले, बरोबर कुणी होतं का. ते वाचून मन भरून येतं खरं, पण मला त्याचं वेगळंच काही खटकत आलंय. या माणसाची शेवटची चार-पाच मिनिटं कागदाला बारकाईनं ठाऊक आहेत, आणि आधीची बावीस वर्षं जवळजवळ ठाऊकच नाहीत. त्याला पोहता येत होतं का? पहिल्या पगारातून त्यानं घरी काय पाठवलं? शाळेत गेला असेल तर कितवीपर्यंत? रजेवर शेवटचा आला तेव्हा पावसाळा होता की उन्हाळा? जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात हे मिळणार नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांना त्याची गरज वाटली नाही.

मी एकेरीत बोलत होतो, सुभेदार आदरार्थी. "त्यो काय म्हंता? व्हिक्टोरिया क्रॉस हायेत त्ये." बरोबर आहे. पण बावीस वर्षांचा होता. माझा धाकटा मुलगा त्याच्याहून मोठा आहे. मला 'ते' म्हणवत नाही.

१९४४ च्या दहा जुलैला त्याच्या घरी काय चाललं असेल याचा अंदाज मात्र बांधता येतो, कारण कोकणातला जुलै बदललेला नाही. आवण काढायचं, मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात ओणवं होऊन मागं मागं सरकत रोपं खोवायची. पाठीवर इरलं, हात पांढरे पडलेले, बोटांच्या बेचक्यात चिखल्या. टायबरच्या खोऱ्यात तेव्हा कोरडा उन्हाळा. इकडं कुणाला सूर्य दिसत नसणार, तिकडं सूर्य डोक्यावर. बातमी केव्हा आली, कुणी आणली, कुणी वाचून दाखवली, मी ते रंगवणार नाही. त्या काळच्या गावांत सैनिकाच्या दारात टपाल-शिपाई थांबला की बायका आधीच रडू लागत, एवढं मी माझ्या आजीच्या तोंडून ऐकलंय. मनीऑर्डर असली तर तो लांबूनच हाक मारायचा. तार असली तर हाक मारायचा नाही.

विळ्याला घाट संपला. भागाडच्या औद्योगिक वसाहतीच्या निळ्या पत्र्यांवर पाऊस वाजत होता. उजवीकडं कुठंतरी भिरा, मुळशीचं पाणी तिथं उतरून वीज करून कुंडलिकेतून पुढं जातं, आणि त्याच सोडलेल्या पाण्यावर कोलाडला शहरातली माणसं रबरी होड्यांतून उसळत जातात. निजामपूर गेलं, माणगाव आलं. मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव, त्यामुळं त्याला स्वतःचा असा चेहरा उरलेला नाही. सगळे कुठंतरी चाललेले असतात आणि इथं वाहनकोंडीत अडकलेले असतात.

पुतळा तहसील कचेरीच्या आवारात आहे. आम्ही पोचलो तेव्हा कामाचा दिवस होता. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मुद्रांक. छत्र्या मिटत, उघडत माणसं जात येत होती. पुतळ्याच्या आडोशाला एक बाई फॉर्म भिजू नये म्हणून पदराखाली धरून उभी होती. सुभेदारांनी छत्री मिटली, माझ्याकडं दिली, पावसात दोन पावलं पुढं गेले आणि कडक सलाम केला. फॉर्मवाल्या बाईनं एकदा त्यांच्याकडं, एकदा वर पुतळ्याकडं पाहिलं. जणू तो तिथं आहे हे तिला आत्ताच कळलं.

मला ही जागा आवडली. चौकात, कारंज्यामध्ये, दिव्यांच्या रोषणाईत पुतळा उभा राहिला की लोक त्याला वळसा घालून जातात. इथं लोक त्याच्या अंगाखांद्याशी येऊन थांबतात. कचेरीतल्या बाबूची वाट बघत.

माणगावहून पळसगावला विचारत विचारत गेलो. एका ठिकाणी पानटपरीवाल्यानं विचारलं, "व्हीसीचं गाव ना?" या भागात ते दोन अक्षरी नाव घाडगे आडनावाच्या मागं-पुढं असं चिकटलंय की कुणी उलगडून सांगत नाही. हिंदी शिपायाला हे पदक मिळू लागलं ते १९११ नंतर. इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैन्यातले, आणि त्या सहांत मराठा पलटणीचे दोन. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर त्यांनी जखमींना पाठीवर घालून नदीपार नेलं आणि नंतर एकट्यानं शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. जाधव परत आले. १९८४ पर्यंत होते. त्यांची गोष्ट सांगायला ते स्वतः होते. घाडग्यांची गोष्ट सांगायला फक्त गॅझेट.

मरणोत्तर पदक म्हणजे ते घ्यायला दुसऱ्याच कुणालातरी जावं लागतं. यशवंतचं लग्न झालेलं होतं. आयोगाच्या नोंदवह्यांत अशा शिपायांपुढं एक ठरीव ओळ असते: अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा. लाखो बायका जगाच्या इतिहासात त्या एका षष्ठी विभक्तीपुरत्या आल्या आहेत. त्या ओळीनंतर पुढं त्या चाळीस-पन्नास वर्षं जगल्या, खाचरं लावली, दिरांशी भांडल्या, पेन्शनीच्या दिवशी तालुक्याला चालत गेल्या. त्याचं मानपत्र निघत नाही.

गावात कुणाचं दार वाजवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. सुभेदारांना ते पटलं नाही. "आपण काय वाईट काम घिऊन आलोय का?" पण ऐंशी वर्षं होऊन गेल्यावर कुणाच्या ओसरीवर बसून, तुमच्या घरातला माणूस मेला त्याबद्दल सांगा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावून बांधावरनं थोडं चाललो. कौलं, काही स्लॅब, आंब्या-फणसांची गच्च झाडी, ओढ्याला लाल पाणी. एका खाचरात सात-आठ बायका लावणी करत होत्या. इरल्यांच्या जागी आता निळा प्लास्टिकचा कागद आलाय, बाकी सगळं तेच. एकीनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "जमीन बघायला आलात का?"

"न्हाई," सुभेदार म्हणाले, "पळसगाव बघायला आलो."

"बघा की मग," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

सुभेदारांचे पाय थांबेनात. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला बांधावर ठेवल्या आणि सरळ चिखलात उतरले. एक मूठ मागून घेतली. बायका हसायला लागल्या, कारण देशावरचा माणूस रोपं जरा दाट लावतो. दोन ओळी लावून ते बाहेर आले, ओढ्यात पाय धुतले, आणि गाडीत येऊन बसले. काय वाटलं म्हणून ते उतरले, मी विचारलं नाही.

परतीला घाट चढताना मी त्यांना इटलीतल्या घड्याळाबद्दल सांगितलं. यशवंतचा देह सापडला नाही किंवा त्याची जागा नोंदली गेली नाही, म्हणून त्याची कबर नाही. रोमच्या दक्षिणेला कसिनो इथल्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत, त्यांत त्याचं आहे. बसऱ्यासारखा आकडा नाही, नाव आहे, एवढी प्रगती पंचवीस वर्षांत झाली होती. इटलीत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले, ५,७८२ मेले. आणि २०२३ च्या जुलैमध्ये पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या डोंगरावरच्या लहानशा गावानं यशवंत घाडगे यांचं स्मारक उभं केलं. ते सूर्यघड्याळ आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो.

सुभेदारांनी समोरच्या काचेकडं हात केला. ताम्हिणीत दुपारी चारला दिवे लावून गाड्या चालल्या होत्या. "हितं लावलं तर चार म्हयने बंद पडंल," ते म्हणाले.

मग थोड्या वेळानं, "तिसरी पुढं प्यारा झाली. दुसरी प्यारा. एकाहत्तरला टांगाईलला उतरली ती." हे मला माहीत होतं. ११ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या वायव्येला टांगाईलजवळ विमानांतून उतरलेली ती बटालियन म्हणजे जुनी तिसरी मराठा, कुतच्या वेढ्यातली, टायबरच्या डोंगरातली. पण मी माहीत असल्याचं दाखवलं नाही. त्यांना सांगायचं होतं.

तलाव पुन्हा आला, आता डावीकडं, तेव्हा पाऊस थांबला होता. मुख्य रस्ता सोडून सुभेदारांनी एका वाडीकडं गाडी घ्यायला लावली. वयनींचं घर चढावर होतं. नवरा एकाहत्तरला गेला, असं सुभेदारांनी वाटेत सांगितलं होतं. 'गेला' हा शब्द आमच्याकडं दोन्ही अर्थांनी वापरतात, आणि त्यांनी तो कुठल्या अर्थानं वापरला हे विचारायची गरज नव्हती. भिंतीवर फोटो होता, हातानं रंगवलेला. फोटोग्राफरनं ओठ जरा जास्तच लाल केले होते. फोटोतला मुलगा आणि खाली जमिनीवर बसलेली म्हातारी यांच्यात आता आजी-नातवाचं अंतर होतं.

"आलास व्हय रं," त्या म्हणाल्या. "च्या ठिवते."

"आधी आंगठा द्या, वयनी. अंधार पडला का रेंज जाती."

पिवळ्या पिशवीतून पेन्शनीचं पुस्तक, आधार कार्डाची झेरॉक्स, एक जुना पिवळा पडलेला कागद असं सगळं बाहेर आलं. पाठोपाठ सुभेदारांचा पुतण्या आला, त्यानं आणलेलं काड्यापेटीएवढं यंत्र मोबाइलला जोडलं. वयनींनी अंगठा टेकवला. यंत्राचा दिवा लाल झाला. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. पुतण्यानं अंगठा स्वच्छ पुसला, थोडं तेल लावलं, पुन्हा पुसला. दुसरा अंगठा झाला, बोटं झाली.

"लावणीला गेलावता काय?" सुभेदारांनी विचारलं.

"न जाऊन कसं? पोराला मानूस मिळंना."

त्यांनी हात पुढं केला. दिवसभर पाण्यात राहून पांढरा पडलेला, सुरकुतलेला, अंगठ्यावरच्या रेषा पुसून सपाट झालेल्या. सुभेदार तो हात आपल्या हातात घेऊन, बल्बच्या उजेडात वळवून वळवून बघत राहिले.

"लावणी झाल्यावर लावू," ते पुतण्याला म्हणाले. "आठ दिस कोरडं ऱ्हायलं का येत्यात रेषा."

मग चहा झाला. गुळाचा होता.